पाणी घट्ट करणारी पावडर: झॅन्थन गमची घ्यावी, पण आधी पेशंटला विचारून

लकव्यानंतर किंवा पार्किन्सनमध्ये साध्या पाण्याच्या घोटालाही ठसका लागू लागला, की स्पीच थेरपिस्ट (बोलण्याच्या आणि गिळण्याच्या त्रासावर उपचार करणारे) अनेकदा ही पावडर सुचवतात. स्टार्चची पावडर स्वस्त, पण लाळ लागली की पातळ होते. उष्टा चमचा पेल्यात बुडवला की केलेली मेहनत वाया. झॅन्थन गम या डिंकाची महाग पडते, तरी हीच घ्यावी. लाळेने ती ढळत नाही.

मापाची पावडर कोरड्या पेल्यात घ्या, वरून पाणी एका दमात ओता, लगेच काट्याने ढवळा आणि दोनेक मिनिटं तसंच राहू द्या. दुधाला जास्त वेळ लागतो. तिथेच धीर सुटतो, वरून आणखी चमचाभर पडते आणि थोड्या वेळाने पेल्यात खळ तयार! गुठळ्या झाल्या तर ओतून द्या, नवं करा.

घट्टपणा नजरेने ठरवू नका. 10 मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या आणि सुई काढा, खालचं भोक बोटाने दाबून 10 पर्यंत भरा, 10 सेकंद बोट सोडा. 1 ते 4 मिली उरलं तर घट्टपणाची पातळी 1, 4 ते 8 तर 2, त्याहून जास्त पण 10 पेक्षा कमी तर 3. सिरिंजवर 0 ते 10 हे अंतर 61.5 मिलिमीटर हवं, नाहीतर हिशोब चुकतो.

खोट एकच, पण मोठी. पाणी बुळबुळीत लागतं, तहान भागत नाही. जळगावच्या मे महिन्यात पेशंट पिणंच कमी करतो. मग लघवी गडद, पोट साफ नाही, गुंगी. ठसका कमी झाला म्हणजे पाणी फुफ्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया टळलाच, असंही नाही. म्हणून थेरपिस्टसमोर आजोबांनाच विचारा: ‘घट्ट पाणी चालेल, की धोका पत्करून साधं हवं?’ काहींना मधला मार्ग जमतो: जेवणानंतर अर्ध्या तासाने, तोंड स्वच्छ करून, ताठ बसवून साध्या पाण्याचे लहान घोट. ठरेल ते कागदावर लिहून माठाजवळ चिकटवा. नाहीतर दुपारी सून एक देते, रात्री मुलगा दुसरंच.

शेवभाजीला ही पावडर उपाय नाही. पातळ रस्सा घशात पुढे पळतो, शेव तोंडातच राहते. भरीत मात्र जमवता येतं: शेंगदाणे, कच्चा कांदा, मिरचीची सालं वगळून मिक्सरमधून मऊ काढलेलं. आणि गोळ्या या पाण्यातून देण्याआधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या त्यात उशिरा विरघळतात.