लूप पक्का करायला सी की पायथॉन?

दहावी-बारावीचे पेपर संपले की आमच्याकडे हा प्रश्न ठरलेला. पोरगं कम्प्युटरला जाणार, सुट्टीत प्रोग्रॅमिंग सुरू करायचं, मग सी लावू की पायथॉन? व्हेरिएबल आणि इफ-एल्स दोन्हींत लवकर जमतात. गाडी अडते ती लूपशी, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेण्याशी, म्हणून निवडही तिथेच करावी असं मला वाटतं. आजूबाजूच्या मुलांना मी दोन्ही शिकवून पाहिलं आहे. मोजमाप काही नाही, जे दिसलं ते सांगतो.

आधी सीची बाजू. कुठून सुरू, कुठवर आणि दर फेरीला काय वाढवायचं, हे तिन्ही फॉरच्या, म्हणजे फेऱ्या मोजून फिरणाऱ्या लूपच्या, एका कंसात समोर दिसतं. फेऱ्या मोजणारा काउंटर (त्याचं नाव बहुधा ‘आय’) आपल्या हातात असतो, लूपच्या आत आय बदलला की पुढची फेरी बदलते. पायथॉनच्या फॉरमध्ये आत आयचं काहीही करा, पुढच्या फेरीला रेंज (ओळीने आकडे पुरवणारी सोय) आपलाच पुढचा आकडा आणून ठेवते. हे नवशिक्याच्या गळी उतरवणं सोपं नाही. इथे सी सरस, वाद नाही.

माझं मत फिरलं ते एका अर्धविरामाने. मेट्रोची चार स्टेशनं छापायला सांगितली होती: अजनी चौक, रहाटे कॉलनी, काँग्रेसनगर, सीताबर्डी. एका मुलीने लिहिलं, ‘फॉर (आय = ०; आय < ४; आय++);’ आणि खाली प्रिंटएफ, म्हणजे छापायची आज्ञा. शेवटचा अर्धविराम बघा. प्रत्येक ओळीला तो द्यायचा हे आपणच शिकवलेलं, तिने इमानदारीने दिला. आता लूप चारदा रिकामाच फिरतो, आय ४ होतो आणि मग प्रिंटएफ एकदाच चालतं, तेही यादीबाहेरच्या पाचव्या जागेसाठी, कारण मोजणी शून्यापासून असते. तिथे कधी भलतीच अक्षरं येतात, तर कधी प्रोग्रॅमच बंद पडतो. कॉलेजांत अजून दिसणारी ती टर्बो सीची (सी लिहून चालवायच्या जुन्या सॉफ्टवेअरची) निळी स्क्रीन यावर चकार शब्द काढत नाही. हाच अर्धविराम व्हाइलपुढे, म्हणजे अट खरी असेपर्यंत फिरणाऱ्या लूपपुढे, पडला तर कर्सर लुकलुकत बसतो, आणि पोरं म्हणतात, ‘सर, हा चालूनच नाही राहिला.’ खरं तर तो चालतच असतो, थांबत नसतो! लूपची कल्पना बरोबर समजलेली मुलगी त्या दिवशी ‘मला लूप जमत नाही’ म्हणून घरी गेली, ते मला खटकलं.

तीच चूक पायथॉनमध्ये करायची तर प्रिंटची ओळ आत सरकवायची विसरावी लागेल. तसं झालं की प्रोग्रॅम सुरूच होत नाही, कुठल्या ओळीत गडबड आहे ते सांगून मोकळा होतो. आत दोन ओळी असतील आणि फक्त दुसरीच बाहेर राहिली, तर मात्र पायथॉनही गप्प बसतो, हे मान्य. पण निदान पहिली ओळ चारदा छापून येते, शोधायला धागा मिळतो.

रेंजची खोड सगळ्यांना माहीत आहे, शेवटचा आकडा ती धरत नाही. १ ते १० लिहिलं की सातचा पाढा ६३ वरच थांबतो. त्रास आहेच, पण पडद्यावर सत्तर नाही हे पोराला स्वतःला दिसतं. पुढच्या वेळी तो ११ लिहितो.

काउंटरचं काय, असं कुणी विचारेल. पायथॉनमध्ये व्हाइल आधी घ्या आणि फॉर नंतर. व्हाइलमध्ये आय स्वतः वाढवावा लागतो, विसरलं तर अजनी चौक, अजनी चौक असं पडदाभर येत राहतं, कंट्रोल-सी दाबून थांबवावं लागतं. त्यानंतर फॉर शिकवला की त्याने कोणतं काम वाचवलं ते न सांगता कळतं. सीबीएसईच्या अकरावीला कम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांना पायथॉनच आहे, त्यांना तर दुसरा विचार करायचं कारण नाही.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी समोर आहे आणि हाताशी थोडेच दिवस आहेत, तर मात्र थेट सीच घ्या. फक्त महिरपी कंस फॉरच्याच ओळीत उघडायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. कंसाच्या आधी अर्धविराम द्यायला मग हात सहसा जात नाही.