न्यू जर्सी की टेक्सास? स्थानिक पोलीस आणि इमिग्रेशन

एडिसन आणि डॅलस अशा दोन्ही ठिकाणी नोकरी मिळत असली, की आपली मराठी कुटुंबे घरभाडे, शाळा आणि राज्याचा आयकर यांचा हिशेब मांडतात. तिथले पोलीस इमिग्रेशन खात्याला किती सहकार्य करतात, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. एच-१बी व्हिसा नोकरीला बांधलेला आणि नोकरी गेल्यावर हाती फार तर ६० दिवस, अशा परिस्थितीत ते विचारायलाच हवे.

इमिग्रेशन खात्याला कमी सहकार्य करणाऱ्या न्यू जर्सीसारख्या राज्यांना 'सँक्च्युअरी' (आश्रय देणारी) म्हणतात, पण या शब्दाने फसू नये. न्यू जर्सीतही आयसीईचे, म्हणजे संघराज्याच्या इमिग्रेशन अंमलबजावणी यंत्रणेचे, अधिकारी अटक करू शकतात, आणि काउंटीच्या तुरुंगात घेतलेले बोटांचे ठसे दोन्ही राज्यांतून एफबीआयमार्फत होमलँड सिक्युरिटी खात्याकडे जातातच. खरा फरक पडतो तो सुटकेच्या वेळी. समजा, व्हिसाची मुदत उलटलेला कोणी किरकोळ आरोपाखाली पकडला गेला आणि त्याच्या सुटकेचे कागद तयार होत असतानाच आयसीईचे 'डिटेनर' आले. याला आणखी ४८ तासांपर्यंत सोडू नका, असे सांगणाऱ्या त्या कागदावर न्यायाधीशाची सही नसते, इमिग्रेशन अधिकाऱ्याची असते. टेक्सासमध्ये २०१७च्या 'एसबी ४' कायद्यानुसार शेरीफला (काउंटीच्या पोलीसप्रमुखाला) ते पाळावेच लागते, नाहीतर दंड होतो आणि पदही जाऊ शकते. न्यू जर्सीत तत्कालीन ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांच्या २०१८च्या निर्देशानुसार, हिंसक वा गंभीर गुन्ह्याची बाब किंवा न्यायाधीशाने सही केलेला हद्दपारीचा अंतिम आदेश नसेल, तर केवळ त्या कागदावरून त्याला अडकवून ठेवता येत नाही. टेक्सासचा कायदा २०१८मध्ये आणि न्यू जर्सीचा निर्देश २०२१मध्ये, दोन्ही संघराज्याच्या अपील न्यायालयांत बहुतांशी टिकले आहेत.

तुरुंगातच ताबा मिळाला तर घरांवर आणि रस्त्यांवर धाडी घालाव्या लागत नाहीत, हा टेक्सासच्या बाजूचा युक्तिवाद मला वजनदार वाटतो. तरीही माझे मन न्यू जर्सीकडे झुकते, आणि त्याचे कारण एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या, बायका आहेत. पीडित किंवा साक्षीदाराला तपासाची गरज असल्याशिवाय किंवा तपासात मदत करणाऱ्यांसाठीच्या खास व्हिसाची माहिती द्यायची असल्याशिवाय इमिग्रेशन स्थिती विचारू नये, असे टेक्सासचा कायदाही सांगतो. पण रीतसर ताब्यात घेतलेल्या कोणालाही ती विचारण्याची मुभा तिथल्या पोलिसांना आहे. नवऱ्याने मारल्यावर स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभ्या असलेल्या बाईला कलमे आठवत नाहीत. आपला व्हिसा त्याच्या नोकरीवर आहे, एवढेच तिला ठाऊक असते, आणि ९११चा शेवटचा आकडा दाबायचा राहून जातो. पोलीस आपल्याला काय विचारणार नाहीत, याची तिला आधीपासून खात्री असणे मला फार मोलाचे वाटते.

घरातले सगळे नागरिक असतील, तर या मुद्द्याला फारसे वजन न देता पगार आणि शाळा पाहून ठरवावे. ग्रीन कार्डवाल्यांनी मात्र काही गुन्ह्यांत शिक्षा झाल्यास त्यांनाही हद्दपार करता येते, हे लक्षात ठेवावे. आणि कोणतेही राज्य निवडले, तरी १८ वर्षांवरील प्रत्येक परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा, कारण तो नियम संघराज्याचा आहे.