दहा मार्क जास्त होते, म्हणून मी गप्प बसले

एका बनावट पदवीच्या पायी एकूण गेले ८६,००० रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरी सांगायला मला दोन महिने लागले.

कळव्यात चौदा वर्षं आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. माझं स्वतःचं बीएस्सी एसवायनंतर, म्हणजे दुसऱ्या वर्षानंतर, सुटलं ते सुटलंच. २०२४ मध्ये जवळच्या एका शाळेने नोकरीसाठी विचारलं, अट एकच: पुढच्या वर्षी पदवी दाखवा. 'सरळ इग्नूला का गेली नाहीस' हे आता जो तो विचारतो. अहो, माहीत होतं मला इग्नू, घरी बसून शिकायचं सरकारी मुक्त विद्यापीठ. तिथे तीन वर्षं लागतात, स्वाध्याय लिहावे लागतात, परीक्षा खरोखरची असते. शाळा तीन वर्षं थांबणार होती का?

म्हणून एका वर्षात पदवी देतो म्हणणारं एक सेंटर गाठलं. ते नवी मुंबईत, स्टेशनजवळच्या कॉम्प्लेक्समध्ये बँकेच्या वर. कळव्याहून आधी उलटं ठाण्याला जायचं आणि मग ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची. तरी पैसे भरण्याआधी मी तीन खेपा घातल्या, म्हणजे डोळे मिटून उडी मारलेली नाही. विद्यापीठ उत्तरेकडच्या एका राज्यातलं. यूजीसीच्या यादीत नाव शोधलं, सापडलं, निवांत झाले. मेख तिथेच होती. विद्यापीठ खरं असलं म्हणून त्याच्या नावाचा बोर्ड लावणारा खरा ठरत नाही. राज्य विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर दूरशिक्षण केंद्र काढता येत नाही आणि फ्रँचायझी द्यायला तर सक्त मनाई आहे. नुसतं विद्यापीठाचं नाव बघू नका. डीईबीच्या, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, पोर्टलवर तोच कोर्स, त्याच वर्षासाठी मंजूर आहे का ते बघा. आणि डीईबी-आयडी, म्हणजे त्या विभागाकडचा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, न मागता कुणी प्रवेश देत असेल तर पायात चपला घाला आणि निघा.

तिथले सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, मॅथ्स घेताय ते उत्तम. प्रॅक्टिकलची भानगड नाही." मला ते कौतुक वाटलं होतं. आता कळतं, प्रयोगशाळा दाखवावी लागत नाही म्हणून असल्या दुकानांना गणित फार सोयीचं.

हिशेब असा. नोंदणी २,५०० आणि फी २८,०००, दोन्ही चेकने, पावती आहे. पुस्तकं ६,५००, परीक्षा केंद्र ४,२००, मायग्रेशन आणि पदवी प्रमाणपत्र ९,८००, हे जीपेवर, कुणा बाईंच्या वैयक्तिक नंबरला. आणि जुन्या एसवायवर थेट तिसऱ्या वर्षाला बसवायचे ३५,००० रोख. त्याची पावती मागितली तर म्हणाले, "ताई, ह्याची पावती निघत नसते, तुम्हाला तर कळतं." मी मान हलवली. जणू मला कळत होतं.

पुस्तकं म्हणजे झेरॉक्सचे गठ्ठे, प्रत्येक पानाची वरची पट्टी पांढरी केलेली. रिअल ॲनालिसिसचा गठ्ठा तर पुढे इग्नूचा निघाला, त्यांच्याच ई-ज्ञानकोश या साइटवर फुकट पडलेला. त्या झेरॉक्सचे मी साडेसहा हजार मोजले.

पण अभ्यास मी खरा केला, हे कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. रात्री ट्यूशनच्या वह्या तपासून झाल्या की एप्सिलॉन-डेल्टा घेऊन बसायची. परीक्षा मार्चमधल्या एका रविवारी, सेंटरच्याच हॉलमध्ये. आम्ही सहा जण. पर्यवेक्षक म्हणून रिसेप्शनवरची मुलगी, आणि ती स्वतःच म्हणाली की मोबाईल असू द्या. बाकीचे बघून लिहीत होते. मी बीजगणितातलं लाग्रांजचं प्रमेय कोसेटपासून शेवटच्या ओळीपर्यंत डोक्यातून लिहिलं. ती उत्तरपत्रिका कुणी उघडलीसुद्धा नसेल.

जूनमध्ये मार्कशीट आली. ६७, ७२, ५८, ७१, ६४. खाली एकूण ३४२.

मुलांच्या पेपरची बेरीज मी दोनदा करते, सवयच आहे. इथेही केली. ३३२ आली. परत केली. ३३२. विद्यापीठाच्या संगणकातून निघालेल्या मार्कशीटवर बेरीज चुकते कशी, एवढाच प्रश्न विचारायचा होता. पण दहा मार्क माझ्या बाजूला पडत होते. ६६.४ चे ६८.४ टक्के झाले होते. वाटलं, आता कशाला उकरा. ज्या बीजगणितात सगळं लिहिलं होतं तिथे ५८ का, हेही गिळलं. दहावीतल्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

शाळेने पडताळणीला पाठवलं. विद्यापीठाचं उत्तर ऑगस्टमध्ये आलं: या क्रमांकाचा विद्यार्थी आमच्याकडे नाही. मुख्याध्यापिका काही बोलल्या नाहीत, फक्त कागद माझ्याकडे सरकवला. पैसे भरण्याआधी तुम्हीच विद्यापीठाला एक मेल टाका. पत्ता त्यांच्या संकेतस्थळावरून घ्या, सेंटरच्या माहितीपत्रकावरून नाही.

मग पोलीस. माझं घर एका आयुक्तालयात, सेंटर दुसऱ्यात. इकडचे म्हणाले तिकडे जा, तिकडचे म्हणाले राहता तिथे द्या. चार चकरा झाल्या. एकदा तर सकाळी अकराला बसवलं आणि तीन वाजता सांगितलं की साहेब बंदोबस्ताला गेलेत. भाच्याने सांगितलेलं मी वहीत लिहून नेलं होतं, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३, हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची खबर घ्यावी लागते. साहेबांनी वही वाचली, मिटली आणि विचारलं, "बाई, परीक्षेला मोबाईल चालत होता, एका वर्षात डिग्री मिळणार होती. मग फसवलं कुणी कुणाला?" हवालदार हसला. अर्ज घेतला, पोच द्यायला अजून एक खेप. एफआयआर नाहीच. विद्यापीठ म्हणतं आमचा संबंध नाही. अरे, शिक्का तुमच्या नावाचा मारलाय, तुम्ही तरी तक्रार करा! त्याला उत्तर नाही.

पैसे यूपीआयने गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी काही महिन्यांनी लावला, काय उपयोग. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. अर्ज मी स्वतःच लिहिलाय. त्यात ३५,००० चा पुरावा म्हणून काय जोडायचं, ते पान अजून कोरं आहे.

त्या रविवारी खिडकीजवळ ऐरोलीहून येणारा एक मुलगा बसला होता. सातव्या प्रश्नाचं उत्तर त्याने मला हळूच विचारलं आणि मी तोंड फिरवलं. बाळा, हे वाचत असलास तर रोख दिलेले पैसे, तारखा, सरांचे मेसेज सगळं जपून ठेव आणि तू पण अर्ज दे. एकटीचा अर्ज त्यांनी फाईलला लावून ठेवलाय.