लॉगरोटेट की स्वतःची स्क्रिप्ट?

नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आम्ही १२ लिनक्स सर्व्हर सांभाळतो. लॉग फाइली म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी लिहितात त्या; त्या साठून डिस्क भरू नये म्हणून स्वतःची स्क्रिप्ट आणि लॉगरोटेट हे तयार साधन, अशा दोन्ही वाटा चालून पाहिल्या.

आधी क्रॉनवरची (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट होती. लिहायला अर्धा तास पुरतो: आरसिंक या नक्कल करणाऱ्या साधनाने फाइली बॅकअप सर्व्हरवर न्यायच्या, मग फाइंड या शोधणाऱ्या कमांडने ३० दिवसांपेक्षा जुन्या पुसायच्या. धोका या दोन ओळींच्या मध्ये आहे. मे महिन्यातल्या एका रात्री बॅकअपची डिस्क भरली, आरसिंक अर्ध्यात थांबलं आणि पुढची ओळ मात्र चालून गेली. तीन सर्व्हरचे जुने लॉग कायमचे गेले. ‘आरसिंक यशस्वी झालं तरच पुढे’ ही एक अट राहिली होती, बस. शिवाय चालू प्रोग्रामने उघडून ठेवलेली फाइल पुसली तरी जागा सुटत नाही. फाइलींचा आकार मोजणाऱ्या डीयूला फाइल दिसत नाही, डिस्कची मोकळी जागा सांगणारं डीएफ मात्र डिस्क भरलेलीच दाखवतं.

लॉगरोटेट हे नीट हाताळतं. जुन्या फाइलचं नाव बदलतं, पोस्टरोटेटमधून (नाव बदलल्यावर चालणाऱ्या आज्ञा) सेवेला नवी फाइल उघडायला लावतं, जुनी जीझिपने दाबून लहान करतं. कॉपीट्रंकेट (फाइलची नक्कल करून मूळ फाइल रिकामी करणारा पर्याय) शक्यतो टाळा. नक्कल झाल्यावर आणि फाइल रिकामी होण्याआधी आलेल्या ओळी हरवू शकतात.

पण लॉगरोटेट स्वतः फाइली दुसऱ्या मशीनवर नेत नाही. म्हणून आता फिरवणं (जुनी फाइल बाजूला, नवी सुरू) आणि पुसणं त्याच्याकडे, आणि दाबलेल्या फाइली रोज रात्री आरसिंकने बाहेर. डेटएक्स्ट (जुन्या फाइलच्या नावात क्रमांकाऐवजी तारीख घालणारा पर्याय) लावायला विसरू नका, नाहीतर रोज सगळ्या फाइलींचे क्रमांक सरकतात आणि बॅकअपमध्ये त्याच फाइली पुन्हा जातात.