जड सेटमध्ये श्वास: प्रत्येक रेपला नवा, की एका दमात तीन?

पाच रेप्सचा, म्हणजे वजन सलग पाच वेळा उचलायचा, जड सेट. तिसरा रेप वर आलाय, छातीचा भाता झालाय, वजनाचा बार अजून अंगावर आहे. आता लगेच खाली जायचं, की जरा थांबून नवा श्वास भरायचा? बरेच जण हे आधी ठरवतच नाहीत. धाप ठरवेल तसं होतं, आणि मग चौथा रेप तिसऱ्यासारखा दिसत नाही.

माझ्या मते हा निर्णय बार कुठे टेकलाय ते बघून घ्यावा. जमिनीवर टेकला असेल तर थांबणं फुकट. पाठीवर असेल तर थांबण्याच्या प्रत्येक सेकंदाचं भाडं भरावं लागतं. त्यामुळे एकच पद्धत सगळ्या लिफ्ट्सना लावण्यात अर्थ नाही.

आधी श्वास कोंडण्याबद्दल. 'वर जाताना श्वास सोडा' हा सल्ला दहा-बारा रेप्सच्या हलक्या सेटला ठीक आहे. वजन एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या साधारण ८० टक्क्यांच्या वर गेलं की तुम्ही ठरवा न ठरवा, श्वास कोंडला जातोच. मग तो नीट कोंडलेला बरा. पोट आणि बरगड्या चहूबाजूंनी फुगतील असा श्वास भरला, घसा मिटला आणि पोट आवळलं, की आतला दाब वाढतो आणि कण्याला आधार मिळतो. याला वलसाल्वा म्हणतात. आंतोनियो मारिया वलसाल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १७०४ मध्ये ही युक्ती कानासाठी लिहून ठेवली होती. बारबेल त्याच्या स्वप्नातही नसणार. कमरेला बेल्ट लावला म्हणजे श्वासाचं काम संपलं असंही नाही. बेल्ट ही पोटाला रेटायला मिळालेली भिंत आहे. रेटलंच नाही तर तो नुसता पट्टा.

याची किंमत रक्तदाबात मोजावी लागते. १९८५ साली पाच बॉडीबिल्डर्सचा जड लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचा व्यायाम) करतानाचा दाब थेट धमनीतून मोजला गेला. सरासरी ३२०/२५० आली, आणि एकाचा आकडा ४८०/३५० च्याही वर गेला. हा दाब क्षणभराचा असतो, निरोगी माणसाला सहसा झेपतो. उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा डोळ्यांच्या पडद्याचा त्रास, हर्निया यांतलं काही असेल, किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार हातांत धरून उभं राहणं. इथे दोन तट आहेत. टच अँड गो म्हणजे बारच्या टोकांच्या वजनी प्लेट्स जमिनीला लागल्या न लागल्या तोच पुन्हा वर. दुसरा प्रकार थांबून करायचा: बार पूर्ण टेकवायचा, श्वास सोडायचा, नवा भरायचा, पाठ पुन्हा बांधायची आणि मग खेचायचं. पहिल्यात खाली येताना ताणलेल्या स्नायूंची उसळी मिळते, शिवाय जमिनीला लागणाऱ्या प्लेट्सची थोडी उशी मिळते. म्हणून दुसरा रेप पहिल्यापेक्षा हलका लागतो. पण ही उसळी मिळते नेमकी जमिनीपाशी, आणि डेडलिफ्टमध्ये बऱ्याच जणांची कमजोरी तिथेच असते. म्हणजे ज्याचा सराव हवा तेच गाळलं जातं.

मी कितीतरी महिने एका श्वासात तीन-तीन रेप्स ओढायचो. एकदा चौथा रेप वर आला आणि नजरेच्या कडा काळ्या व्हायला लागल्या. बार टाकला, गुडघे धरून वाकलो, आणि कानात समुद्र घोंगावत असल्यासारखा आवाज. छातीतल्या दाबाने हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि श्वास सोडल्यावर दाब एकदम पडतो. मेंदूला क्षणभर कमी पडलं की असंच होतं. त्या दिवसापासून जड डेडलिफ्ट मी थांबूनच करतो. हात बारवरच ठेवतो, पकड सोडत नाही. एक पूर्ण श्वास बाहेर, एक आत, बार नडगीला लागलाय का ते बघायचं, खेच. तीन-चार सेकंद जातात. तेवढे जाऊ द्यावेत.

या तीन-चार सेकंदांत स्नायू ताजे होतात असा मात्र गैरसमज नको. जड उचलीचं मुख्य इंधन क्रिएटिन फॉस्फेट. ते निम्मं भरून यायलाच अर्धा मिनिट जातो, पूर्ण भरायला काही मिनिटं. तेवढ्यात ताजी होते ती मांडणी: पाठ, पोट, पकड, पाय. पाचव्या रेपला पाठ गोल होण्यापासून वाचते ती याच मांडणीमुळे.

आणि श्वास एक-दोनच. रेपच्या आधी भराभर पाच-सहा श्वास ओढणारे असतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि त्यात श्वास कोंडला की चक्कर ठरलेलीच.

स्क्वॉटमध्ये, म्हणजे बार घेऊन खाली बसून उठण्यात, हिशेब उलटतो. बार पाठीवर आहे, तुम्ही नुसते उभे असलात तरी पाठ, कंबर आणि पाय काम करतायत, आणि भरलेली छाती वजनाखाली दबलेली आहे. सगळा श्वास सोडून पुन्हा पूर्ण भरायला गेलं की मधल्या क्षणी धड ढिलं पडतं आणि बार मानेच्या दिशेने सरकल्यासारखा वाटतो. मला जमलेला मधला मार्ग असा: वर आल्यावर तिसरा हिस्सा हवा सोडायची, पोट आवळलेलंच ठेवायचं, आणि तेवढीच हवा परत भरायची. पहिल्या तीन रेप्सना असा एकेक श्वास, चौथ्या-पाचव्याला दोन. त्याहून जास्त लागत असतील तर वजन जास्त झालंय, किंवा तुम्ही नकळत वीस रेप्सच्या स्क्वॉटकडे चालला आहात. तो जुना प्रकार मुद्दाम तसाच असतो: दहाच होतील असं वजन घ्यायचं आणि बार पाठीवर ठेवून धापा टाकत वीस काढायचे. मांड्यांना आणि जिद्दीला उत्तम. ताकदीच्या पाच रेप्सशी त्याची गल्लत करू नये.

एका श्वासात सलग दोन स्क्वॉट? दुप्पट वेगाने धाप लागते आणि दुसऱ्या रेपला पोटातला दाब अर्धवट असतो. मी नको म्हणेन.

बाकावर पडून बार छातीवरून वर ढकलायच्या बेंच प्रेसला मात्र एका दमात दोन-तीन रेप्स चालतात. छाती फुगलेली राहिली तर खांद्याची पाती जागेवर राहतात आणि बारचा प्रवासही थोडा कमी होतो. हात सरळ असताना घोटभर श्वास घ्या, पूर्ण सोडू नका. उभं राहून बार खांद्यावरून वर ढकलायच्या ओव्हरहेड प्रेसला बार डोक्यावर असतानाच पटकन भरून घ्यावा. खाली थांबलं की उसळी जाते.

वजन फार जड आहे आणि रेप्स तर हवेतच, असं असेल तर तिसरी वाट क्लस्टर सेटची. एक किंवा दोन रेप्स, बार रॅकवर (बार ठेवायच्या स्टँडवर) किंवा जमिनीवर, १५ ते ३० सेकंद विश्रांती, पुन्हा एक-दोन. इथे मात्र इंधन खरोखर थोडं परत येतं आणि प्रत्येक रेपचा वेग टिकतो. तोटा वेळेचा. गर्दीच्या वेळी रॅक अडवून हे करणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते सांगायला नको.

आता निवड. ताकद वाढवायची असेल किंवा नुकतीच सुरुवात असेल, तर डेडलिफ्ट थांबून, स्क्वॉट रेपला एक श्वास. पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा डोक्यात असेल तर प्रश्नच मिटला, तिथे एकेकच रेप असतो. स्नायूंचा आकार हवा असेल तर मध्यम वजनाची टच अँड गो चालेल, फक्त प्लेट्स आपटून उसळी चोरू नका.

पद्धत कुठलीही घ्या, वहीत ती आकड्याशेजारी लिहा. टच अँड गोच्या पाच आणि थांबून केलेल्या पाच एकाच तोलाच्या नसतात. माझ्या पहिल्या वहीत पानंच्या पानं डेडलिफ्टचे आकडे आहेत, पण थांबलो होतो की नाही ते कुठेच नाही. त्यामुळे आज थांबून ओढलेल्या पाच रेप्स त्यांच्याशेजारी ठेवल्या, तरी मी पुढे गेलोय की मागे, ते कळत नाही.