रॅम चुकीची दिली आणि खापर बोर्डावर फोडलं

जुना डेस्कटॉप अपग्रेड करणाऱ्यांनो, नवी रॅम टाकल्यावर डिस्प्ले आला नाही आणि दुकानदार म्हणाला "बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड) गेलाय", तर तिथेच पैसे काढू नका. सिडकोत माझ्या काकांचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. त्यांचा चांगला बोर्ड असाच बाद ठरवला गेला.

कॉम्प्युटर सेकंड जनरेशन आय-थ्रीचा, एच-६१ चा बोर्ड, ४ जीबी रॅम. अ‍ॅडमिशनचे दिवस, ऑनलाइन फॉर्म भरायला पोरांची रांग, आणि मशीन सारखं अडकायचं. काकांनी एम. जी. रोडवरच्या एका दुकानात बोर्डाचं मॉडेल दाखवून डीडीआर-३ प्रकारच्या रॅमची ८ जीबी पट्टी मागितली. "कुठल्याही बोर्डला चालते" म्हणून त्याने ती बऱ्यापैकी स्वस्तात दिली. कागदावर फक्त "रॅम ८ जीबी" आणि रक्कम. पक्कं बिल नाही.

पट्टी लावली की नुसते बीप, स्क्रीन काळी. काकांनी तिचा फोटो मला पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सीपीयू उचलून दुकानात नेला. तिथे दुकानदाराने तीच पट्टी काउंटरवरच्या मशीनला लावून चालू करून दाखवली. "बघा, रॅम ओके आहे, तुमचा बोर्डच शॉर्ट झालाय." डोळ्यांसमोर चाललेली रॅम बघितल्यावर कोण काय बोलणार? अठराशे रुपयांना दुसरा बोर्ड बसवून मशीन सुरू करून दिलं. काकांनी जुना बोर्ड मात्र मागून घेतला, ते फार बरं झालं.

रविवारी मी कॅबिनेट उघडलं, तर आत पट्टी वेगळीच! बोर्डाबरोबर रॅमही गुपचूप बदलली होती. प्रोसेसर आणि ती दुसरी पट्टी जुन्या बोर्डला लावली, तर पहिल्याच झटक्यात डिस्प्ले आला. बोर्डला काहीही झालेलं नव्हतं.

मग फोटोतल्या पहिल्या पट्टीच्या चिपचा नंबर शोधला. तिच्यावरची प्रत्येक चिप ४ बिटची, अशा १६ चिप. इंटेलच्या साध्या डेस्कटॉपना ८ किंवा १६ बिटच्या चिप लागतात, ४ बिटच्या चालत नाहीत. एएमडीच्या ठरावीक जुन्या मशीनवर त्या चालतात, म्हणूनच त्या पट्ट्या स्वस्तात मिळतात. काही विक्रेते "फक्त एएमडीसाठी" असं स्पष्ट लिहून विकतात, त्यात गैर काही नाही. इथे मात्र पट्टी मुकाट्याने बदलली, म्हणजे त्याला दोष कुठे आहे ते पक्कं ठाऊक होतं. मला राग त्याचा आहे.

सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅमही अशीच खपवतात. स्टिकरवर पीसी३-१०६०० किंवा १२८०० च्या पुढे 'यू' असेल तर ती साध्या डेस्कटॉपची, 'आर' असेल तर सर्व्हरची. '२आरएक्स८' असेल तर चिप ८ बिटच्या, शेवटी ४ असेल तर घेऊ नका. स्टिकरच नसेल तर चिपवरचा नंबर मोबाइलवर तिथेच शोधा. आणि बोर्ड बाद म्हटला की आधी आपली जुनी रॅम एकटी लावून दाखवायला सांगा. जुनी पट्टी घरी ठेवून जाऊ नका.

"विकलेला माल परत घेणार नाही" या पाटीला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही.

काकांचं मशीन आता जुन्याच बोर्डवर चालतंय. दुकानदार त्याचा बोर्ड परत घ्यायला तयार नाही. यूपीआयची नोंद, तो कागद आणि दोन्ही पट्ट्यांचे फोटो जमवून आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर आयोगात जाणार.