भरदार अंगाला ट्वीड: हेरिंगबोन की विंडोपेन?

ट्वीड म्हणजे खरबरीत लोकरी कापड, तेही जाड, त्यामुळे अंगानं भरलेल्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. जाडीचं खरं आहे, पण नक्षी चुकली तर जास्त बिघडतं. पहिलाच कोट शिवायचा असेल तर चुरस हेरिंगबोन आणि विंडोपेन या दोन नक्ष्यांतच.

हेरिंगबोनची तिरकी वीण माशाच्या काट्यासारखी, उभ्या पट्ट्यांत बसलेली. चार पावलं मागं गेलं की कापड जवळजवळ एकरंगी वाटतं. नजर वरखाली फिरते, कुठे अडत नाही आणि पोटावर कापड जरा ताणलं तरी चटकन कळत नाही. छटा मात्र जवळजवळच्या घ्या, करड्यावर कोळशी किंवा तपकिरीतल्याच दोन. पांढऱ्यावर काळा घेतलात तर हा सगळा फायदा गेला.

विंडोपेन म्हणजे बारीक रेघांच्या, खिडकीच्या तावदानांसारख्या मोठ्या चौकटी. देखणा, मलाही आवडतो. पण त्याची रेघ पोटाच्या गोलाईवर वाकली की जे झाकायचं तेच उघडं पडतं. खिशावर, पाठीच्या शिवणीवर चौकटी जुळवणारा शिंपी हवा, कापडही जास्त लागतं. उंची चांगली असेल, चौकट रुंदीपेक्षा उंच असेल आणि रेघ पुसट असेल, तर खुशाल घ्या. दोष आडव्या रेघेला देऊ नका: आडव्या रेघांनी भरलेला चौरस उलट उंच भासतो, हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं 1867 मध्येच नोंदवलं होतं.

बारीक नक्षीत माणूस बारीक दिसतो, हाही एक गैरसमज. रुंद पाठीवर अगदी चिमुकला हाउंडस्टूथ, म्हणजे कुत्र्याच्या दातांसारखी टोकदार चौकडी, आला की पाठच मोठी वाटते. ग्लेन चेक, म्हणजे बारीक-जाड रेघांच्या पट्ट्या एकमेकींना छेदून झालेली चौकडी, मध्यम आणि पुसट असेल तर चालतो. हेरिंगबोनचा कंटाळा असेल तर आयर्लंडचं डोनेगल बघा: सुतातल्या रंगीत गाठींचे विखुरलेले ठिपके, रेघच नाही, त्यामुळे वाकायचा किंवा जुळवायचा प्रश्नच नाही.

वजनही विचारा. चौरस मीटरला 300-350 ग्रॅमचं ट्वीड पुरे; 500 च्या आसपासचं अंगावर दुलईसारखं बसतं. आणि तळहाताएवढ्या नमुन्यावरून काही ठरवू नका. थानातलं कापड खांद्यावरून पोटापर्यंत सोडा, आरशापासून दहा फूट मागे जा आणि मग बघा.